नांदेड थांबते, लातूर फिरते

४३१६०१ आणि ४१३५१२. पहिला नांदेडच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड, दुसरा लातूरच्या. आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर, घरपोच आलेल्या खोक्यावर हे आकडे रोज दिसतात. पण त्यांची बेरीज-वजाबाकी करावी असे कोणाच्या मनात येत नाही. उच्चारतानाही आपण ‘चार लाख एकतीस हजार सहाशे एक’ म्हणत नाही. ‘त्रेचाळीस, सोळा, शून्य एक’ म्हणतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. या प्रकरणात मात्र या दोघांना संख्या म्हणून वागवायचे आहे, आणि एक प्रश्न सतत जवळ बाळगायचा आहे: संख्येचा एखादा गुण सापडला, की तो त्या संख्येचा असतो की आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा?

पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सुलट वाचले तर रामाची आणि उलट वाचले तर कृष्णाची स्तुती व्हावी, असे विलोमकाव्य त्यांनी रचले होते. अंक उलटे मांडून वजाबाकी करण्याचा जो खेळ पुढे येणार आहे तो त्यांना आवडला असता, असे मला उगाचच वाटते.

पिन कोडचा पहिला अंक विभागाचा. ४ म्हटले की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे असतात. नांदेड आणि लातूर दोन्ही मराठवाड्यातले, जिल्हे एकमेकांना खेटून. तरी नांदेडचे ४३१ हे छत्रपती संभाजीनगर-जालना-परभणीच्या बाजूचे, तर लातूरचे ४१३ थेट सोलापूरचे. १९७२ साली लातूर जिल्हाच नव्हता. तो १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. लातूरची जुनी रेल्वेही बार्शी लाइट रेल्वेची, कुर्डुवाडीकडे नेणारी. नांदेड मात्र मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचे. टपाल ज्या वाटेने जायचे ती वाट आकड्यात उतरली असावी, असा माझा अंदाज. तेच तीन अंक, ४, ३ आणि १. फक्त जागा बदलल्या, आणि दोन गावे दोन वेगळ्या थैल्यांत पडली.

आता संख्या उघडून पाहू. लातूरपासून सुरुवात करतो, कारण लातूर लगेच उघडते.

शाळेत शिकवलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या इथे एकामागून एक लागू पडतात. शेवटचे तीन अंक ५१२. ही संख्या ८ च्या पटीत आहे (८ गुणिले ८ गुणिले ८), आणि हजाराला ८ ने भाग जातोच, म्हणून ४१३५१२ ला ८ ने भाग जातो. ११ ची कसोटी म्हणजे अंक एकाआड एक अधिक-उणे करायचे: ४ − १ + ३ − ५ + १ − २ = ०. शून्य आले, भाग गेला. ३७ ची कसोटी शाळेत सहसा सांगत नाहीत, पण ती याहून देखणी आहे. ९९९ म्हणजे २७ × ३७. त्यामुळे कोणत्याही संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज करावी; बेरजेला ३७ ने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. ४१३ + ५१२ = ९२५, आणि ९२५ = ३७ × २५. आता ८, ११ आणि ३७ काढून घेतल्यावर उरतात १२७, आणि १२७ ही मूळ संख्या आहे. तीही साधीसुधी नाही. २ चा सातवा घात १२८, त्याहून एक कमी. सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्री मर्सेनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ संख्यांपैकी ती एक.

४१३५१२ = २ × २ × २ × ११ × ३७ × १२७

हिला १ आणि ती स्वतः धरून एकंदर ३२ विभाजक आहेत. त्यांतला एक आहे ४०७, म्हणजे ११ × ३७. या ४०७ चा गणिताच्या वाङ्मयात एक खास उल्लेख आहे. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, ज्यांनी रामानुजन यांना इंग्लंडला बोलावून घेतले, त्यांनी १९४० साली गणितज्ञाच्या कैफियतीचे एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ते सांगतात की १ सोडली तर आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या अशा चारच संख्या आहेत: १५३, ३७०, ३७१ आणि ४०७. पडताळून पाहा: ४ चा घन ६४, ० चा ०, ७ चा ३४३, बेरीज ४०७. हार्डींनी हे उदाहरण कौतुकाने दिलेले नाही. वर्तमानपत्राच्या कोडे-सदराला हे शोभेल, गणितज्ञाला यात घेण्यासारखे काही नाही, असा त्यांचा निकाल. हा निकाल लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी थोडे भांडायचे आहे.

नांदेड सहजासहजी उघडत नाही. ४३१६०१ विषम, शेवटी १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो: १४३८६७ उरतात. इथून पुढे शाळेतल्या कसोट्या संपतात. ३ पुन्हा चालत नाही. ७ घेतला, बाकी ३. ११ नाही, १३ नाही, १७, १९, २३ नाही. २९, ३१, ३७, ४१, ४३ नाही. ४७ ने मात्र भाग जातो आणि ३०६१ उरतात. ३०६१ मूळ आहे का? तिचे वर्गमूळ ५५ च्या थोडे पुढे. तिला अवयव असतील तर त्यांतला एक तरी ५५ पर्यंतच सापडायला हवा. आणि ४७ पेक्षा लहान मूळ संख्या तर आपण आधीच वगळून आलो. राहिल्या ४७ आणि ५३. दोन्हींनी भाग जात नाही. म्हणून

४३१६०१ = ३ × ४७ × ३०६१

विभाजक फक्त आठ: १, ३, ४७, १४१, ३०६१, ९१८३, १४३८६७ आणि ती स्वतः. दोन गावांच्या संख्यांत १ सोडून एकही विभाजक सामाईक नाही; पाठ्यपुस्तकाच्या भाषेत त्या सहमूळ.

नांदेडची संख्या उघडताना जो वैताग आला, तोच आज आपल्या पैशाची राखण करतो. मोठ्या दोन मूळ संख्या घेऊन त्यांचा गुणाकार करणे संगणकाला क्षणाचे काम, पण गुणाकार हातात देऊन ‘आता त्या दोन संख्या सांग’ म्हटले की तो अडतो. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच अडचणीवर गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. तिच्यात सर्रास वापरली जाणारी संख्या २०४८ बिटांची, म्हणजे दशमान पद्धतीत ६१७ अंकी असते. ४७ शोधायला बारा भागाकार लागले. ६१७ अंकी संख्येत लहानात लहान अवयवच तीनशे अंकी असेल, तर असे एकेक करून भागत जाण्याला आयुष्य पुरत नाही, संगणकाचेही.

अवयवांवरून संख्यांची आणखी एक जुनी प्रतवारी होते. संख्या स्वतः सोडून तिचे बाकी सगळे विभाजक मिळवायचे. बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण: ६ (१ + २ + ३), २८, ४९६, ८१२८. बेरीज कमी पडली तर न्यून, जास्त झाली तर विपुल. ही विभागणी सुमारे १९०० वर्षांपूर्वी ग्रीक गणिती निकोमॅकसच्या ग्रंथात आली आहे. नांदेडच्या विभाजकांची बेरीज १,५६,३०३, म्हणजे निम्म्याहूनही कमी, न्यून. लातूरच्या विभाजकांची बेरीज ४,६२,००८, विपुल. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या वाट्याला ही उपाधी यावी! आकड्यांना भूगोल कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही विपुलता येते कुठून, तेही पाहण्याजोगे आहे. लातूरच्या अवयवांत ८ आणि ११ आहेत, म्हणजे ८८ आहे. ८८ चे विभाजक १, २, ४, ८, ११, २२, ४४, बेरीज ९२. ८८ स्वतः विपुल. आणि विपुल संख्येची कोणतीही पट विपुलच असते, कारण प्रत्येक विभाजक त्याच पटीत वाढून पुन्हा हजर होतो. तेव्हा ३७ आणि १२७ नसते तरी लातूर विपुल ठरले असते. विषम संख्यांना हे भाग्य क्वचित लाभते. सर्वांत लहान विषम विपुल संख्या ९४५ आहे.

४०७ च्या घनांची करामत सोडली, तर इथवर जे सांगितले ते सगळे संख्येचे स्वतःचे. ४,३१,६०१ शेंगदाणे एका ढिगात ओतले, तर तो ढीग ४७ सारख्या वाट्यांत वाटता येईल. ते आकडे देवनागरीत लिहिले काय, रोमनमध्ये लिहिले काय, किंवा मुळीच लिहिले नाहीत तरी फरक पडत नाही. आता जे येणार आहे त्याला मात्र लिहावेच लागते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, महाविद्यालय पुण्यातले फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळवले, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर राहिले. गणितातली पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. पुष्कळसे लेखन पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांतून. संख्यांना नावे देण्याची त्यांची हौस मात्र दांडगी. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती ‘हर्षद’. १११ × १११ = १२३२१ अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्या ‘डेम्लो’, कारण त्या सुचल्या तेव्हा ते मुंबईजवळच्या त्या नावाच्या रेल्वे स्थानकावर होते. आणि कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होऊ शकत नाही, ती ‘स्वयंभू’. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या पहिल्या काही. यांनाच देवळाली संख्या असेही म्हणतात. १९७४ च्या सुमारास कोलंबियातल्या बर्नार्दो रेकामान यांनी त्या स्वतंत्रपणे मांडल्या, म्हणून जगात त्यांना कोलंबियन संख्या हेही नाव आहे.

आपल्या दोन्ही गावांची या बाबतीत निराशा होते. नांदेडच्या अंकांची बेरीज १५, पण शेवटी १ असलेल्या संख्येला १५ ने भाग कसा जाणार? लातूरची बेरीज १६, आणि तिच्यात २ फक्त तीनदा आहे, चारदा हवा होता. हर्षद कोणीच नाही. स्वयंभूही नाही: ४३१५८० मध्ये तिच्या अंकांची बेरीज २१ मिळवली की नांदेड तयार होते, ४१३४८६ मध्ये २६ मिळवले की लातूर.

पण कापरेकर जगाला माहीत आहेत ते या कशासाठीही नाही. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर तेच पुन्हा करा. सात वजाबाक्यांच्या आत तुम्ही ६१७४ वर पोचता, आणि तिथून हलत नाही: ७६४१ − १४६७ = ६१७४. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. देशातल्या अनेकांना तो पोरखेळ वाटला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि ६१७४ चे नाव सगळीकडे झाले. तोवर कापरेकर सत्तरीत पोचले होते, निवृत्तिवेतन पुरत नाही म्हणून शिकवण्या करत होते. १९८६ साली देवळालीतच ते वारले.

चार अंकांचा हा खेळ सहा अंकांवर खेळला तर? म्हणजे पिन कोडवर. नांदेड घेऊ. अंक उतरत्या क्रमाने ६४३११०, चढत्या क्रमाने ०११३४६.

६४३११० − ०११३४६ = ६३१७६४

आता ६३१७६४ वर तेच करा.

७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

थांबले. पहिल्याच वजाबाकीत नांदेड अशा जागी पोचले जिथून पुढे हालचाल नाही. चार अंकांत ६१७४ चे जे स्थान, ते सहा अंकांत ६३१७६४ चे. तिच्या पोटात ६१७४ दिसतोही: ६ आणि १ च्या मध्ये एक ३, ७ आणि ४ च्या मध्ये एक ६, एवढीच भर.

लातूरचे काय होते ते कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. ५४३२११ मधून ११२३४५ गेले, ४३०८६६ राहिले. त्यावरून ८३१७६२. मग ७५२६४३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, ८५१७४२. बारा वजाबाक्या झाल्या आणि थांबण्याचे चिन्ह नाही. पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि त्यातून पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचा हा फेरा. एकदा आत शिरले की बाहेर पडायला वाट नाही. ‘लातूर पॅटर्न’ म्हटले की महाराष्ट्रात आजवर दहावी-बारावीचे निकाल आठवत आले, हा दुसरा.

सहा अंकी संख्यांना एकूण तीनच मुक्काम आहेत: ६३१७६४, तसाच स्थिर असलेला ५४९९४५, आणि हा सात जणांचा फेरा. (पाच अंकांत तर स्थिर मुक्कामच नाही, नुसते फेरे. तीन अंकांत मात्र एकटा ४९५.)

असे का होते, हे हार्डींच्या शेऱ्याला द्यायचे उत्तर आहे, म्हणून जरा थांबून पाहू. उतरत्या क्रमाने लावलेल्या सहा अंकांतून तीन फरक काढा: सर्वांत मोठा उणे सर्वांत लहान, दुसरा उणे पाचवा, तिसरा उणे चौथा. नांदेडचे अंक ६, ४, ३, १, १, ०. फरक ६, ३, २. वजाबाकीचे उत्तर या तीन फरकांवरच ठरते. ते असते

९९९९९ × पहिला फरक + ९९९० × दुसरा + ९०० × तिसरा

नांदेडसाठी ५९९९९४ + २९९७० + १८०० = ६३१७६४. मूळ अंक कोणते होते याच्याशी उत्तराला देणेघेणे नाही. तिन्ही गुणक ९ च्या पटीतले, म्हणून प्रत्येक उत्तर ९ च्या पटीत येणार हेही आपोआप कळले. आणि फरक ० ते ९ मधले, पहिला दुसऱ्याहून लहान नाही, दुसरा तिसऱ्याहून लहान नाही. अशा तिकड्या मोजल्या तर २२० होतात. सगळे अंक सारखे असण्याची एक वगळली की २१९. म्हणजे ०००००० पासून ९९९९९९ पर्यंतच्या दहा लाख संख्या, सारख्या अंकांच्या दहा सोडल्या तर, एका वजाबाकीत २१९ संख्यांवर येऊन कोसळतात! मग त्या २१९ आपापसांत फिरत राहणार आणि कुठेतरी अडकणार, हे उघड आहे. कुठे अडकतील हे कागदावर हिशेब करूनच कळते. दहा लाखांपैकी ९,३५,५२० संख्या फेऱ्यात सापडतात, ६२,५२० संख्या ६३१७६४ ला पोचतात, १,९५० संख्या ५४९९४५ ला, आणि सहाही अंक सारखे असलेल्या १० संख्या शून्यावर जातात.

या तीन फरकांमुळे गावांची भलतीच नाती जुळतात. देगलूर नांदेड जिल्ह्यातले, पिन कोड ४३१७१७. पहिली वजाबाकी केली की ६६०८३४ येतात. लातूरचे पहिले उत्तर होते ४३०८६६. दोन्हींत अंक तेच: ८, ६, ६, ४, ३, ०. त्यामुळे दुसऱ्या वजाबाकीपासून देगलूर लातूरच्या वाटेला लागते आणि शेवटपर्यंत तिच्याच मागे जाते. उदगीर (४१३५१७) आणि नांदेडच्या विष्णुपुरीतले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (४३१६०६) यांचेही असेच: एकाचे पहिले उत्तर ६४०८५४, दुसऱ्याचे ६५०८४४, अंक तेच, आणि दोघे मिळून फेऱ्यात. खुद्द नांदेड शहरातल्या सिडकोचा पिन कोड ४३१६०३. शेवटच्या १ चा ३ झाला, तिसरा फरक २ वरून ० वर आला, आणि चौथ्या वजाबाकीत सिडकोही ४२०८७६ वर, म्हणजे फेऱ्यात. नांदेडच्या खऱ्या जोडीदाराला शोधायला पुणे जिल्ह्यात जावे लागते. इंदापूरचा पिन कोड ४१३१०६: नांदेडचेच सहा अंक, फक्त जागा वेगळ्या. तेही पहिल्याच फटक्यात ६३१७६४.

नांदेडचे हे थेट पोचणे दुर्मीळ म्हणायचे का? मोजता येते. तीन फरक ६, ३, २ असलेल्या संख्या दहा लाखांत ८,१६० आहेत, म्हणजे साधारण सव्वाशेत एक. देशात पिन कोड एकोणीस हजारांच्या आसपास; अंक सरसकट विखुरलेले असते तर दीडशेच्या घरात पिन कोड नांदेडसारखे वागले असते. तेव्हा कोणी या ६३१७६४ मधून शहराचे भविष्य काढू लागले, तर त्याला आधी इंदापूरचेही काढायला सांगावे.

आता सुरुवातीचा प्रश्न. आपण दहा बोटांमुळे दशमान पद्धतीत लिहितो. बारा-बारांचे गट करून लिहिले असते तर? नांदेडची संख्या तेव्हा १८९९२९ अशी दिसली असती (२४८८३२ चा एक गट, २०७३६ चे आठ, १७२८ चे नऊ, १४४ चे नऊ, १२ चे दोन, आणि वर ९). अंक अजूनही सहाच, पण वजाबाकीचे तीन फरक ८, ७, १ आणि उत्तर भलतेच. ते स्थिरही नाही. नांदेडचे थांबणे गेले. लातूरच्या ४०७ ची घनांची करामतही गेली. ३, ४७ आणि ३०६१ मात्र जागचे हलले नाहीत. लातूर विपुल ते विपुलच. हार्डींचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे: या गमती दहाच्या पायाच्या आहेत.

पण मला त्यांचा निकाल पुरता पटत नाही. ४०७ च्या घनांबद्दल ‘असे का’ विचारले तर ‘असे आहे’ याखेरीज फारसे उत्तर मिळत नाही. कापरेकरांच्या वजाबाकीला तसे नाही. तिच्यामागे तीन फरक आहेत, २१९ तिकड्या आहेत, आणि बारा घ्या की सोळा घ्या, कोणत्याही पायात तीच यंत्रणा चालते. बदलतात ते मुक्काम. दहा लाख जागांवरून सुरू झालेली हालचाल मोजक्या जागी का येऊन ठेपते, हा प्रश्न गंभीर गणिताचाच आहे. देवळालीच्या मास्तरांनी तो शाळकरी मुलाला करता येईल अशा वजाबाकीतून विचारला, एवढेच.

मोठ्या संख्यांकडे जायचे असेल तर वाट नांदेडच्याच दारातून जाते. ६१७४ मध्ये एक ३ आणि एक ६ घालून ६३१७६४ झाली. आणखी एक-एक घाला: ६३३१७६६४. अंक लावून पाहा, ७६६६४३३१ − १३३४६६६७ पुन्हा तीच संख्या देते. आणखी एकदा घाला: ६३३३१७६६६४. तीही स्थिर, आणि पुढेही कितीही वेळा घाला, स्थिरच; कारण नवा ६ आणि नवा ३ यांचा फरक दरवेळी ३ च भरतो. ही शेवटची संख्या दहा अंकी आहे, आपल्या मोबाइल नंबराइतकी. नंबराचे दहा अंक उतरते-चढते लावून वजाबाकी सुरू करायला हरकत नाही. मात्र दहा अंकांत स्थिर मुक्काम एकाहून अधिक आहेत आणि फेरेही अनेक, तेव्हा वही मोठी घ्यावी.